मुठेल, उंडी आणि बावची: डोळ्यांच्या सुरकुत्यांवरच्या क्रीममागचा इतिहास

मे महिन्यात रत्नागिरी-सिंधुदुर्गात रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडतात, तेव्हा सालींची आमसुलं होतात आणि बिया उरतात. त्या खडखडीत वाळवायच्या, फोडून आतला गर कुटायचा, पाण्यात उकळायचा. वर आलेलं तेल काढून घ्यायचं आणि थिजत आलं की मुठीत दाबून गोळे वळायचे. म्हणून त्याचं नाव मुठेल, तळकोकणात भिरंडेल. ते ४० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतं, म्हणून एरवी घट्ट राहतं आणि चोळलं की मऊ होतं. टाचांच्या भेगा आणि फुटलेले ओठ ही त्याची ठरलेली कामं.

सुरकुत्यांसाठी ते कुणी लावल्याचं मी घरात कधी ऐकलं नाही. वाळूवर मासळी सुकत घालणाऱ्या बायकांचे चेहरे उन्हाने रापत, डोळे बारीक करून करून कडेला रेघा उमटत. त्याला वय म्हणत, औषध शोधत नसत. डोळ्यांभोवतीची कातडी शरीरात सर्वांत पातळ, तिथे तेलग्रंथीही कमी, त्यात ऊन कातडीतलं कोलॅजन, म्हणजे तिला घट्ट ठेवणारं प्रथिन, मोडतं. रेघा तिथे आधी दिसतात त्या यामुळे.

सुरकुत्यांवर मलम ही कल्पना खरी रुजली ती १९८६ नंतर. त्या वर्षी अमेरिकी त्वचातज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन आणि सहकाऱ्यांनी मुरुमांवरचं ट्रेटिनॉइन उन्हाने जून झालेली त्वचा सुधारतं, असं दाखवलं. हे अ जीवनसत्त्वाचं रूप. पण त्याने कातडी सोलवटते, चुरचुरते, आणि गरोदरपणात ते टाळायचं असतं. मग सौम्य पर्यायासाठी वनस्पतींकडे नजर वळली.

त्यात सर्वांत पुढे गेली ती बावची, कोडावर आयुर्वेदात वापरली जाणारी. तिच्या बियांतलं बाकुचिऑल नावाचं द्रव्य १९६६ मध्ये वेगळं केलं ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, सुख देव यांच्या गटाने. मला याचा फार अभिमान वाटतो. पुढे ४४ जणांवर १२ आठवडे चाचणी झाली: अर्धा टक्का बाकुचिऑल दिवसातून दोनदा, तर तेवढंच रेटिनॉल (हेही अ जीवनसत्त्वाचं रूप) एकदा. सुरकुत्या दोन्हींनी सारख्याच कमी झाल्या, सोलवटणं आणि चुरचुर रेटिनॉलने जास्त. चाचणी छोटी होती, हे विसरू नये. आणि बावचीचं कच्चं तेल डोळ्यांजवळ मुळीच लावू नका. त्यातल्या सोरॅलेनमुळे ऊन लागलं की कातडी भाजते. बाकुचिऑल शुद्ध करून घेतात ते त्यासाठीच.

किनाऱ्यावरची उंडी, म्हणजे तिथलं एक तेलबियांचं झाड, मात्र परदेशी नावाने परत आली. तिच्या तेलाचे दिवे जळत, होडीच्या लाकडाला ते चोळत. आता ‘तमानू’ म्हणून छोट्या बाटलीत विकतात. सुरकुत्यांबाबत तिच्यामागे बावचीइतकाही पुरावा नाही.

कोकमतेलाचं, म्हणजे मुठेलाचं, काम वेगळं. स्टिअरिक आणि ओलिक आम्लांनी भरलेलं हे तेल कातडीतलं पाणी उडू देत नाही. कोरडेपणाने पडलेल्या बारीक रेघा त्याने झाकल्या जातात, खोल सुरकुती हलत नाही. म्हणूनच क्रीममध्ये ते बहुतेक वेळा आधार म्हणून असतं आणि सुरकुतीवरचं काम दुसऱ्या घटकाकडे सोपवलेलं असतं. डबी घेताना घटकांच्या यादीत हा दुसरा घटक कोणता आणि, टक्के दिले असतील तर, किती, ते आधी पाहा.