पावती, अडत आणि गाळ्याचं भाडं: ईबेचं दुकान आणि अमेझॉनचा प्लॅन

"दादा, महिन्याला चाळीसच्या वर वस्तू जातायत माझ्या. म्हणजे आता ईबेवर दुकान घ्यायलाच हवं ना?"

मामेबहिणीचा फोन, न्यू जर्सीतल्या एडिसनहून. तिकडे रात्रीचे साडेदहा, मुलं झोपलेली, लॅपटॉप उघडा आणि माउसचा बाण 'सबस्क्राइब'च्या बटणावर. इकडे माझा सकाळचा चहा चाललेला. म्हटलं, "अगं थांब, आधी हात बाजूला घे. हा चाळिसाचा आकडा कुठून आणलास?"

आकडा खरा होता. फक्त तो ईबेचा नव्हता, अमेझॉनचा होता. ऑनलाइन विकणाऱ्यांचे हिशेब बघताना ही गल्लत मला इतक्यांदा भेटते की आता मी समोरच्याला आधी हेच विचारतो: कुठल्या बाजाराचं गणित घेऊन आलात?

गल्लत व्हायला नावंही जबाबदार आहेत. अमेरिकेतल्या अमेझॉनवर विक्रेत्याचं खातं दोन प्रकारचं असतं, 'इंडिव्हिज्युअल' आणि 'प्रोफेशनल'. पहिल्याला महिन्याचं काही नाही, पण विकल्या गेलेल्या प्रत्येक नगामागे ९९ सेंट. दुसऱ्याला महिन्याला ३९.९९ डॉलर, मग नगामागचे ९९ सेंट माफ. तिथे 'स्टोअर' नावाची गोष्टही आहे, पण ती ब्रँड नोंदवलेल्या विक्रेत्याला फुकट मिळते. ईबेवर उलटं: खातं सगळ्यांना फुकट आणि 'स्टोअर' विकत. त्यात आपल्याकडे दोन्हीकडच्या विक्रेत्यांना लोक सर्रास "त्याचं ऑनलाइन दुकान आहे" असं म्हणतात. भारतात अमेझॉन किंवा फ्लिपकार्टवर विकायला महिन्याचं भाडं नसतं, विक्रीतून कापून घेतात. त्यामुळे इथून तिकडे गेलेल्या माणसाला महिन्याची वर्गणी दिसली की ती सगळीकडे एकाच जातीची वाटते. (ईबे इकडेही होतंच. २००४ मध्ये त्यांनी आपल्या मुंबईची बाझी डॉट कॉम घेतली, २०१७ मध्ये इथला कारभार फ्लिपकार्टकडे गेला आणि ऑगस्ट २०१८ मध्ये ईबे डॉट इनचं शटर खाली आलं.)

बहिणीला मी आठवडी बाजार आठवायला सांगितला. आमच्या आजोळी दर सोमवारी भरायचा. पथारी टाकली की ठेकेदाराचा माणूस येऊन पावती फाडायचा. माल खपला किंवा नाही, त्याला घेणंदेणं नसे; जागा अडवलीस, पावती घे. दुसरी अडत: माल विकला गेला तरच, आणि जेवढ्याला गेला त्यावर टक्केवारी. तिसरं गाळ्याचं भाडं, म्हणजे पक्क्या शटरसाठी महिन्याच्या महिन्याला ठरलेली रक्कम. ऑनलाइन बाजारांनी या तीनच गोष्टी इंग्रजी नावांनी पुन्हा मांडल्यात. भाडं भरल्यावर यांतलं काय कमी होतं, एवढंच विचारायचं असतं.

अमेझॉनवर वस्तू नुसती मांडायला साधारण विक्रेत्याला पावती नाही. भाडं भरून सुटतो तो नगामागचा ९९ सेंटचा तुकडा. टक्केवारीची अडत, तिला ते 'रेफरल फी' म्हणतात, दोन्ही प्लॅनांत तीच. म्हणून गणित सरळ आहे: ४० नग गेले तर ३९.६० डॉलर, ४१ गेले तर ४०.५९. एक्केचाळिसाव्या नगाला भाडं वसूल. इथे मोजायचा तो गल्ला, म्हणजे विकलेले नग. पैशांपलीकडेही थोडं आहे. इंडिव्हिज्युअल खात्याला जाहिराती करता येत नाहीत आणि एकच वस्तू अनेक जण विकत असतील तर ठळक 'बाय बॉक्स'मध्ये, म्हणजे खरेदीच्या मुख्य बटणामागे, यायची संधी मिळत नाही. त्यामुळे पंधरा-वीस नग विकणारेही कधी कधी प्रोफेशनल घेतात, आणि ते चूक म्हणता येत नाही.

ईबेवर पावती आहे, आणि सगळी गंमत तिच्यातच आहे. खालचे दर अमेरिकेतल्या ईबेचे, २०२५ च्या दरपत्रकातले. दुकान नसलेल्या विक्रेत्याला महिन्याला २५० लिस्टिंग, म्हणजे विक्रीला मांडलेल्या वस्तूंच्या नोंदी, फुकट. त्यापुढच्या प्रत्येकीला ३५ सेंट. हे ३५ सेंट एकदाच जातात असं बहुतेकांना वाटतं. तसं नाही. ठरल्या किमतीची लिस्टिंग 'रद्द करेपर्यंत चालू' याच पद्धतीची असते. ती दर महिन्याला आपोआप नवी होते आणि दर वेळी या फुकटच्या कोट्यातली एक जागा खाते, कोटा संपला असेल तर पुन्हा ३५ सेंट खाते. सोमवारच्या पावतीवर पुढचा सोमवार निभत नसे, तसंच.

'बेसिक' दुकान घेतलं तर वर्षाच्या करारावर महिन्याला २१.९५ डॉलर, सुट्या महिन्याने २७.९५. त्यात निदान १,००० फुकट लिस्टिंग, आणि बहुतेक वर्गांत अडत १३.६ टक्क्यांवरून १२.७ वर. म्हणजे भाडं दोन वाटांनी वसूल होऊ शकतं. पावतीच्या वाटेने: २१.९५ भागिले ०.३५, म्हणजे २५० च्या वर ६३ लिस्टिंग. महिन्याला ३१३ पावत्या फाटत असतील तर बाकी काही न बघता दुकान परवडलं. अडतीच्या वाटेने: ०.९ टक्क्यातून २१.९५ काढायचे तर महिन्याची उलाढाल २,४४० डॉलरच्या आसपास हवी. ही उलाढाल म्हणजे वस्तूची किंमत नव्हे. ईबे अडत लावतं ती गिऱ्हाइकाने भरलेल्या सगळ्या रकमेवर, पोस्टेज आणि विक्रीकर धरून.

एक साडी घेऊ. किंमत ५० डॉलर, पोस्टेज ८, गिऱ्हाइकाच्या राज्याचा कर समजा ५. एकूण ६३. दुकान नसेल तर १३.६ टक्क्याने ८.५७ आणि ऑर्डरमागचे ४० सेंट, मिळून ८.९७. दुकान असेल तर ८.४०. एका साडीमागे फरक ५७ सेंटचा. एवढ्यावर भाडं काढायला महिन्याला ३९ साड्या जायला हव्यात. कॅमेरे, संगणक अशा काही वर्गांत दुकानदाराची अडत बरीच खाली आहे, तिथे हे गणित फार लवकर बसतं. पुस्तकांवर मात्र दुकान असो-नसो, १५.३ टक्केच.

आता दोन माणसं शेजारी शेजारी बसवतो.

पहिली आमची बहीण. साड्या, ओढण्या, लहान मुलांचे परकर-पोलके. एका वेळी साधारण १४० लिस्टिंग चालू, महिन्याला ४५ ऑर्डरी, सगळं धरून ऑर्डरमागे सरासरी २८ डॉलर. गेलेल्या मालाच्या जागी नवा टाकला तरी महिन्याचे १८५, कोट्याच्या खूप आत. पावतीची बचत शून्य. उलाढाल १,२६०, अडतीतली बचत ११.३४. भाडं २१.९५. बेसिक दुकानदाराला दर तीन महिन्यांनी पॅकिंगच्या सामानासाठी २५ डॉलरचं कूपन मिळतं. ते पूर्ण वापरलं असं धरलं तरी महिन्याला ८.३३, बेरीज १९.६७. तरी खालीच. शिवाय ते कूपन फक्त ईबेच्या छापाच्या खोक्या-पाकिटांवर चालतं, आणि पोस्टातून प्रायॉरिटी मेलची खोकी तिला तशीही फुकट मिळतात.

दुसरे शिकागोजवळ राहणारे एक काका. निवृत्त माणूस, तळघरात जुनी पुस्तकं, रेल्वेची वेळापत्रकं, दिवाळी अंक. लिस्टिंग ९००. महिन्याला जातात जेमतेम २०, चौदा-चौदा डॉलरची. काकांना वाटायचं, "एवढीशी विक्री, आपल्याला कशाला दुकान?" दुकान नसेल तर ९०० मधून २५० वजा, ६५० गुणिले ३५ सेंट: महिन्याला २२७.५० डॉलर नुसत्या पावत्यांचे. विक्री २८०. अडत आणि पोस्टेज गेल्यावर काका गिऱ्हाइकांना खिशातून पैसे देऊन पुस्तकं पाठवतायत असाच हिशेब झाला असता. दुकान घेतलं तर २१.९५ मध्ये सगळं बसतं.

हीच दोघं अमेझॉनवर नेऊन बसवा. बहिणीचे ४५ नग, ४४.५५ डॉलर, तिने तिथे ३९.९९ चा प्लॅन घ्यावा. काकांचे २० नग, १९.८०; त्यांनी घेऊ नये. बरोब्बर उलटं. अमेझॉनचं भाडं गल्ल्याकडे बघून ठरतं, ईबेचं फडताळाकडे बघून. ज्याचा माल पटापट उठतो पण मांडलेला थोडा असतो त्याला ईबेचं दुकान सहसा लागत नाही. ज्याचा माल धूळ खात गिऱ्हाइकाची वाट बघतो त्याला ते जवळजवळ सक्तीचं.

एक छोटा सापळा सांगून ठेवतो. ईबेच्या दुकानांत सगळ्यांत स्वस्त 'स्टार्टर', वर्षाच्या करारावर महिन्याला ४.९५. "पाचच तर डॉलर" म्हणून हात तिकडे जातो. पण त्यात फुकट लिस्टिंग तितक्याच, २५०. अडतही दुकान नसलेल्याचीच. कमी होतं ते पुढच्या लिस्टिंगचं ३५ चं ३० सेंट. म्हणजे भाडं काढायला २५० च्या वर ९९ लिस्टिंग हव्यात, एकूण ३४९. आणि बेसिक तर ३१३ वरच वसूल झालेलं असतं. फीच्या हिशेबाने स्टार्टर परवडेल असा टप्पाच नाही. दुकानाची पाटी आणि स्वतःचे विभाग मिळतात, त्या हौसेला पाच डॉलर द्यायचे तर खुशाल द्यावेत.

आणि पाटीने गिऱ्हाईक येत नाही. दुकान घेतल्यावर माल शोधात वर दिसेल ही समजूत मी भल्या भल्या लोकांकडून ऐकली आहे. वर दिसण्यासाठी जाहिरातीचे पैसे वेगळे, ते दुकान नसलेल्यालाही भरता येतात. नव्या खात्याला महिन्याला किती वस्तू विकता येतील यावर जी मर्यादा असते, तीही दुकानाने वाढत नाही. दहा वस्तूंची मर्यादा असलेल्याने हजार लिस्टिंगचं दुकान घेणं म्हणजे टोपलीभर भाजीसाठी गोदाम.

उलट कोटा वाचवायची साधी युक्ती बहुतेकांना माहीत नसते. एकच ओढणी सहा रंगांत असेल तर सहा लिस्टिंग कशाला? रंगांचे पर्याय देऊन एकच करा; कोट्यातून एकच जागा जाते. बहिणीच्या १४० पैकी तीसेक अशाच निघाल्या.

बाण बटणावरून हटला. पण ती काही सहज सोडणारी नाही. "मग दादा, दिवाळीचं काय? सप्टेंबरपासून माल दुप्पट मांडते मी. मागच्या वर्षी साडेतीनशेच्या वर गेल्या होत्या."

हा प्रश्न खरा होता. ३६० धरले तर ११० जादा, महिन्याला ३८.५० पावत्यांचे. सुट्या महिन्याचं दुकान २७.९५. वर्षाचा करार मध्येच मोडला तर दंड बसतो, सुट्या महिन्याला तो नाही. तेव्हा सप्टेंबर-ऑक्टोबरपुरता गाळा, आणि दिवाळी झाली की पुन्हा पथारी.

"आणि न चुकता," मी म्हटलं, "दुकान बंद करायच्या आधी उरलेला माल २५० च्या आत आण. नाहीतर नोव्हेंबरात सगळ्या लिस्टिंग आपोआप नव्या होतील, आणि पावतीवाला दारात उभा."

पलीकडून कीबोर्डचा आवाज आला. ती ओढण्या एकत्र करायला लागली होती.