हवाई पायदळाच्या मदतीला हलके रणगाडे

पॅराशूट किंवा ग्लायडरने (बिनइंजिनाच्या विमानाने) शत्रूच्या पिछाडीला उतरलेल्या पायदळाजवळ पहिले काही तास अंगावर वाहून नेता येतील एवढीच शस्त्रे असतात. पूल किंवा धावपट्टी घेताना एखाद्या पक्क्या घरातून मशीनगन सुरू झाली, तर ती बंद पाडायला थेट मारा करणारी तोफ लागते. हलक्या रणगाड्याचे खरे काम हेच, शिवाय टेहळणी. मोठ्या रणगाड्याशी झुंज द्यायला त्याला पाठवू नये, त्याचे चिलखत तेवढे नसते.

त्याचे वजन विमान ठरवते. ब्रिटिशांचा टेट्रार्क सुमारे साडेसात टनांचा, ४० मिमी तोफेचा. तो हॅमिलकार ग्लायडरमध्ये मावत असे. चालक हवेतच इंजिन सुरू करी. ग्लायडर टेकला की रणगाडा पुढे सरके आणि त्या ओढीने नाकाचा दरवाजा उघडे. ६ जून १९४४ रोजी नॉर्मंडीत मात्र शेतांत पसरलेल्या पॅराशूटच्या दोऱ्या दातेरी चाकांत गुंतल्या आणि बरेच टेट्रार्क जागीच अडकले.

अमेरिकी शेरिडन सुमारे १५ टनांचा, १५२ मिमी तोफेचा. त्याला तळफळीवर, म्हणजे सपाट फलाटावर, आवळत, खाली धक्का झेलणारे पोकळ पुठ्ठ्याचे थर देत, वर आठ मोठी पॅराशूट. चालक व तोफची वेगळी उडी घेत. गाडी शोधणे, आवळपट्टे सोडणे, पॅराशूट दूर ओढणे हे सारे झाल्यावरच इंजिन सुरू करायचे. डिसेंबर १९८९ मध्ये पनामात शेरिडन असेच उतरवले गेले. भारताने ऑक्टोबर १९६२ मध्ये एएमएक्स-१३ रणगाडे एएन-१२ मालवाहू विमानांतून लडाखमधल्या चुशूलला नेले. तिथे विमान धावपट्टीवर उतरले, पॅराशूट लागले नाही.

जागा निवडताना आधी माती बघावी. विदर्भातली काळी कन्हार जमीन उन्हाळ्यात टणक असते, पण पावसात ट्रॅक्टरही फसतो. रुंद पट्ट्यांमुळे हलका रणगाडा तिथून निघेलही. पण चाकांत चिखल भरल्यावर जागच्या जागी वळवला, तर पट्टा उतरतो. तळफळीची एक बाजू धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) टेकली, तर गाडी कलंडते. भंडारा-गोंदियाकडच्या धानाच्या बांध्यांत अडचण वेगळी: प्रत्येक बांध चढताना गाडीचे पातळ पोट समोर येते. पऱ्हाटी (कपाशीची झाडे) उपटून झालेले, पांदणीला (शेतवाटेला) लागून असलेले कोरडे सपाट शेत यापेक्षा कितीतरी बरे.