दुर्लक्षित खातं आणि जेसी अनरू

कॅलिफोर्नियात राज्याचा कोषाध्यक्ष, म्हणजे स्टेट ट्रेझरर, थेट मतदार निवडून देतात. आपल्याकडच्या अर्थमंत्र्याशी त्याची गल्लत करू नये. अर्थसंकल्प गव्हर्नर आणि विधिमंडळाचा, आणि देणी चुकती करणारा कंट्रोलर नावाचा तिसराच निवडून आलेला अधिकारी. ट्रेझररकडे उरतं ते राज्याचे कर्जरोखे विकणं, तिजोरीत पडून असलेला पैसा गुंतवणं आणि काही मंडळांवरचं पदसिद्ध सदस्यत्व. 1970 च्या दशकापर्यंत या खुर्चीकडे कुणी फारसं बघत नसे. आज आजी-माजी आमदार तिच्यासाठी निवडणूक लढवतात, त्याचं बरंचसं श्रेय (किंवा खापर, जसं बघाल तसं) जेसी अनरू यांच्याकडे जातं.

जन्म 1922 चा, कॅन्ससमधला; बालपण टेक्सासमध्ये, कुळानं शेती कसणाऱ्या गरीब घरात. युद्धात नौदलात नोकरी, मग लॉस एंजेलिसच्या युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्नियात शिक्षण. 1954 मध्ये डेमोक्रॅटिक पक्षातर्फे राज्याच्या असेम्ब्लीत, म्हणजे कनिष्ठ सभागृहात, निवडून आले. पाच वर्षांत त्यांच्या नावाचा कायदा झाला. 1959 चा अनरू नागरी हक्क कायदा हॉटेलवाल्यापासून दुकानदारापर्यंत कुणालाही वंश, वर्ण, धर्म बघून गिऱ्हाईक नाकारायला बंदी करतो. केंद्राचा नागरी हक्क कायदा यायला 1964 साल उजाडावं लागलं. अनरूंनी बाकी काही केलं नसतं, तरी एवढ्यावर त्यांचं नाव राहिलं असतं.

1961 मध्ये ते असेम्ब्लीचे अध्यक्ष झाले आणि 1969 च्या सुरुवातीपर्यंत त्या खुर्चीवर होते. धिप्पाड देह आणि सभागृहावरची पकड यामुळे नाव पडलं ‘बिग डॅडी’. पैसा हे राजकारणाचं आईचं दूध आहे, हे त्यांचं वाक्य अमेरिकेत अजून उद्धृत होतं. लॉबीवाल्यांकडून, म्हणजे कंपन्या आणि हितसंबंधी गटांसाठी आमदारांवर वजन टाकणाऱ्यांकडून, निधी ते स्वतः गोळा करायचे आणि पक्षाच्या उमेदवारांना वाटायचे. निवडून आलेला उमेदवार मग कुणाचं ऐकणार, हे सांगायला नको. ही पकड 1963 च्या जुलैत अंगाशीही आली. शाळांच्या अनुदानाचा तपशील दाखवल्याशिवाय अर्थसंकल्पावर मत देणार नाही, असं रिपब्लिकन आमदार अडून बसले. अनरूंनी त्यांना रात्रभर सभागृहातच कोंडून ठेवलं. सकाळच्या वर्तमानपत्रांत मात्र हिरो ठरले ते कोंडले गेलेले आमदार.

त्यानंतर त्यांनी वजन उतरवलं, राहणीमान बदललं आणि विधिमंडळच सुधारायला घेतलं. तेव्हा आमदाराला वर्षाला 6,000 डॉलर मिळत आणि अधिवेशन ठरावीक दिवसांचं असे. साहजिकच विधेयकाचा मसुदा आणि आकडेमोड दोन्ही लॉबीवाल्यांकडूनच यायची. 1966 मध्ये मतदारांनी थेट मतदानानं मंजूर केलेल्या प्रस्ताव 1-अ नं आमदारकी पूर्णवेळची झाली, पगार 16,000 वर गेला. अभ्यासू कर्मचारीवर्ग अनरूंनी आधीपासूनच उभा करत आणला होता. लॉबीवाल्यांच्या पैशावर मोठा झालेला माणूस आमदारांना त्यांच्यापासून सोडवायला निघाला, हे विसंगत वाटेल. पण त्या धंद्याच्या खाचाखोचा त्यांच्याइतक्या कुणाला ठाऊक होत्या?

1968 मध्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी लढणाऱ्या रॉबर्ट केनेडींच्या प्रचाराची कॅलिफोर्नियातली धुरा त्यांच्याकडे होती. लॉस एंजेलिसच्या अॅम्बॅसडर हॉटेलात केनेडींवर गोळीबार झाला तेव्हा जमाव हल्लेखोराचा जीव घेईल म्हणून त्याला वाचवायला अनरू मध्ये पडले. 1963 मध्ये डॅलसला रॉबर्ट यांचे भाऊ, राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांच्या हत्येतला आरोपी खटल्याआधीच मारला गेला होता, त्याची पुनरावृत्ती त्यांना नको होती. 1970 मध्ये अनरू तेव्हाचे गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांच्याविरुद्ध गव्हर्नरपदाला उभे राहिले. प्रचाराचा नारळ फोडला तो रेगन यांचे तेलसम्राट पाठीराखे हेन्री साल्वातोरी यांच्या बेल एअरमधल्या बंगल्यासमोर, पत्रकारांचा ताफा घेऊन. रेगन यांच्या करविधेयकानं या घरमालकाचे वर्षाला सुमारे 4,000 डॉलर वाचतील, असं ते सांगत असतानाच साल्वातोरी स्वतः बाहेर आले आणि तिथेच शाब्दिक चकमक उडाली. मुद्दा बरोबर होता, पण मतदारांना तमाशा आठवला. अनरू सुमारे पाच लाख मतांनी पडले. 1973 मध्ये लॉस एंजेलिसच्या महापौरपदाच्या प्राथमिक फेरीतही हार झाली.

1974 मध्ये ते ट्रेझरर म्हणून निवडून आले तेव्हा ही एका संपलेल्या पुढाऱ्याची सोय वाटली. पण त्यांच्याजवळ आमदारकीची विद्या होती: कायदा कुठे वाकवायचा आणि कोणत्या कलमात स्वतःचं पद घालायचं. शाळा, इस्पितळं, प्रदूषण नियंत्रण अशा कामांना कर्ज उभारून देणारी प्राधिकरणं आणि आयोग वाढत गेले, आणि त्यांच्या अध्यक्षपदी ट्रेझरर. 1978 च्या प्रस्ताव 13 नं मालमत्ता करावर मर्यादा आणल्यावर स्थानिक संस्थांनाही पैशासाठी नवे मार्ग शोधावे लागले. कोणत्या दलाल कंपनीला रोखेविक्रीचं काम मिळणार, यात ट्रेझररचा शब्द चालायचा. मग वॉल स्ट्रीटच्या कंपन्यांच्या देणग्या त्यांच्या निवडणूक निधीत येऊ लागल्या. ही टीका त्यांच्यावर हयातीतच झाली, आणि ती रास्त होती. अशा देणगीदार कंपन्यांना दोन वर्षं काम घ्यायला बंदी करणारा केंद्रीय नियम 1994 मध्ये आला.

दुसरी कामगिरी मात्र वेगळ्या तोलाची. पदसिद्ध सदस्य म्हणून ते कर्मचारी आणि शिक्षकांच्या निवृत्तिवेतन निधींवर होते. 1984 मध्ये टेक्साको कंपनीनं टेक्सासच्या बास बंधू या धनाढ्य गुंतवणूकदारांकडचे शेअर बाजारभावापेक्षा 13.7 कोटी डॉलर जादा मोजून परत घेतले, केवळ त्यांनी कंपनीवर ताबा मिळवू नये म्हणून. ज्या शेअरधारकांत निवृत्त कारकून आणि शिक्षकांचा पैसा होता, त्यांना तो भाव मिळाला नाही. अनरू भडकले. न्यूयॉर्क शहराचे कंट्रोलर हॅरिसन गोल्डिन आणि इतर निधींना बरोबर घेऊन 1985 मध्ये त्यांनी कौन्सिल ऑफ इन्स्टिट्यूशनल इन्व्हेस्टर्स ही अशा गुंतवणूकदार निधींची संघटना उभी केली. कंपनीच्या संचालकांना जाब विचारणारे पेन्शन निधी आज नवलाचे वाटत नाहीत. त्याची एक मोठी सुरुवात इथे झाली.

ऑगस्ट 1987 मध्ये पदावर असतानाच कर्करोगानं त्यांचं निधन झालं. खुर्चीचं मोल किती वाढलं होतं ते लगेच दिसलं. गव्हर्नर ड्यूकमेजियन यांनी रिपब्लिकन काँग्रेस सदस्य डॅन लंग्रेन यांचं नाव रिकाम्या जागेसाठी दिलं. असेम्ब्लीनं मान्य केलं, राज्याच्या सिनेटनं, म्हणजे वरिष्ठ सभागृहानं, फेटाळलं. एका सभागृहाची संमती पुरे, असा दावा घेऊन प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 1988 मध्ये निकाल लंग्रेन यांच्या विरोधात लागला. 1990 च्या प्रस्ताव 140 नं आमदारकीच्या कारकिर्दीलाच मर्यादा घातली, तेव्हा मुदत संपलेले आमदार राज्यस्तरीय पदांकडे वळू लागले. सिनेटचं नेतृत्व केलेले बिल लॉकियर अॅटर्नी जनरलपद भूषवून 2007 मध्ये ट्रेझरर झाले, आणि असेम्ब्लीतून आलेल्या फिओना मा 2019 मध्ये.