हलत्या धमनीचा माग: कोरोनरी एमआरआय इथवर कशी पोहोचली

हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या कोरोनरी धमन्या उगमापाशी जेमतेम ३ ते ४ मिलिमीटर रुंद असतात, पुढे त्या आणखी बारीक होत जातात. ब्लॉकेज दिसायचे तर चित्रात मिलिमीटरभराचा फरक कळायला हवा. पण एका ठोक्यात या धमन्या स्वतःच्या रुंदीच्या कितीतरी पट सरकतात. उजव्या धमनीची धावपळ सर्वांत जास्त, कारण ती अलिंद (हृदयाचा वरचा कप्पा) आणि निलय (खालचा कप्पा) यांच्यामधल्या खाचेतून जाते आणि हृदय आकुंचन पावले की ही खाच खाली ओढली जाते. त्यात श्वासाबरोबर सगळे हृदयच वरखाली होते.

हृदयतज्ज्ञ मेसन सोन्स यांनी १९५८ मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँडला कोरोनरी अँजिओग्राफीला, म्हणजे धमनीत रंगद्रव्य सोडून क्ष-किरणांनी चित्र घेण्याला, सुरुवात केली. या पद्धतीला हालचालीची फारशी अडचण नव्हती, कारण क्ष-किरणांचे चित्र काही मिलिसेकंदांत निघते. एमआरआयचे काम वेगळे आहे. तिथे चित्राचा संदेश (सिग्नल) तुकड्यातुकड्यांनी, अनेक ठोक्यांमधून गोळा होतो. प्रत्येक तुकड्याच्या वेळी धमनी त्याच जागी नसेल, तर चित्र पुसट होते.

पहिला उपाय साधा होता: ईसीजीवर लक्ष ठेवायचे आणि ठोक्याच्या उत्तरार्धात हृदय क्षणभर विसावते तेवढ्यात संदेश घ्यायचा. नाडी जलद असली की हा विसावा आखडतो, म्हणून नाडी मंदावणारी औषधे देण्याची पद्धत पडली. श्वासाची हालचाल टाळण्यासाठी रुग्णाला श्वास रोखायला सांगत. १९९३ मध्ये बोस्टनच्या मॅनिंग, ली आणि एडलमन यांनी ३९ जणांची अशी तपासणी नेहमीच्या अँजिओग्राफीशी ताडून पाहिली. निकाल इतके चांगले आले की सगळ्यांच्या आशा उंचावल्या. मात्र हृदयरोग्याला पुन्हा पुन्हा श्वास रोखणे जड जाते. शिवाय दर खेपेला श्वासपटल (छाती आणि पोट यांच्यामधला श्वासाचा स्नायू) नेमके त्याच पातळीवर थांबत नाही, त्यामुळे एका खेपेचा छेद (चित्रातला पातळ काप) दुसऱ्याशी जुळत नाही.

यावरचा तोडगा अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये आधीच तयार होता. एहमन आणि फेल्मली यांनी १९८९ मध्ये 'नॅव्हिगेटर' मांडला होता. श्वासपटलाला लागून असलेल्या यकृताच्या वरच्या कडेतून जाणाऱ्या, शरीराच्या बारीक स्तंभाएवढ्या भागाचा संदेश घेऊन श्वासपटल कुठे आहे हे ते यातून मोजत. पुढे कोरोनरीसाठी हे मोजमाप ठोक्याठोक्याला होऊ लागले. श्वासपटल ठरलेल्या ५ मिलिमीटरच्या पट्ट्यात असेल तरच संदेश ठेवायचा, नाहीतर टाकून द्यायचा. रुग्ण मोकळा श्वास घेऊ शकला, पण अर्ध्याहून जास्त संदेश वाया जायचा आणि तपासणी किती वेळ चालेल हे आधी सांगता येत नसे. १९९५ मध्ये वँग, रिडरर आणि एहमन यांनी मोजून दाखवले की श्वासपटल १० मिलिमीटर सरकले तर हृदय सरासरी सुमारे ६ मिलिमीटर सरकते. हे ०.६ चे प्रमाण पुढे वर्षानुवर्षे सरसकट वापरले गेले. माझ्या मते इथे घाई झाली, कारण हे प्रमाण माणसागणिक बरेच बदलते.

२००० मध्ये थॉमस फू आणि सहकाऱ्यांनी 'व्हेसल ट्रॅकिंग' प्रसिद्ध केले. ठोक्याच्या कोणत्या क्षणी धमनी कुठे असते हे आधी पाहून घ्यायचे आणि मग क्षणोक्षणी छेदाची जागा तिच्यामागे सरकवायची. धमनी छेदातून निसटत नाही, त्यामुळे विसाव्याच्या एका क्षणाची वाट पाहत बसावे लागत नाही आणि एका ठोक्यातला जास्त वेळ कामी येतो. या कामाचा गाजावाजा फार झाला नाही, पण मला ते या इतिहासातले निर्णायक वळण वाटते. तोवर बहुतेकांचा भर हृदय थांबलेले सापडावे यावर होता. इथे हालचाल गृहीत धरून तिच्या मागोमाग जायचे ठरले.

२००१ मध्ये सात केंद्रांतल्या १०९ रुग्णांचा अभ्यास आला. मुख्य धमन्यांचे ८४ टक्के भाग वाचण्याजोगे दिसले आणि त्यांतल्या ९४ महत्त्वाच्या ब्लॉकेजपैकी ७८ सापडले. मात्र लवकरच ६४ स्लाइस सीटी (एका फेरीत ६४ छेद घेणारे क्ष-किरण स्कॅन) आली आणि काही सेकंदांत कोरोनरी दाखवू लागली. दवाखान्यांनी साहजिकच तिचा रस्ता धरला.

तरी एमआरआयचा पाठपुरावा सोडू नये असे मला ठामपणे वाटते. तिच्यात किरणोत्सर्ग नाही आणि धमनीत साचलेले कॅल्शियम तिच्या चित्रात सीटीइतके आड येत नाही. कावासाकी आजारात (लहान मुलांच्या रक्तवाहिन्यांना सूज आणणारा आजार) धमनीला फुगवटा आलेल्या मुलांची तपासणी वर्षानुवर्षे करावी लागते, त्यांच्यासाठी ही गोष्ट फार मोलाची आहे.

पुढचे काम हालचालीच्या मागोमाग जाण्याच्या वाटेनेच झाले. २००५ च्या सुमारास यकृताकडे न बघता हृदयाच्याच संदेशातून हालचाल ओळखणारे स्व-नॅव्हिगेशन आले. त्याच वर्षी संशोधक बॅचलर यांनी अवयवाच्या आकारातला बदलही गणितात धरून चित्र दुरुस्त करण्याची मांडणी केली. २०१२ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या गटाने दर ठोक्याला हृदयाचे छोटे चित्र काढून त्यावरून जागा सुधारायला सुरुवात केली. त्यामुळे जवळपास सगळा संदेश वापरता येतो आणि तपासणीला किती वेळ लागेल हे आधीच सांगता येते. धमन्यांच्या टोकाकडच्या बारीक शाखा मात्र अजून नीट दिसत नाहीत आणि जिथे धातूचा स्टेंट बसवलेला असतो, तिथे चित्रात काळी पोकळीच उरते.