कावसजी जहांगीर हॉल आणि जहांगीर आर्ट गॅलरी: दोन्ही एकच नाहीत हो!

मुंबईत काळा घोड्याला "जहांगीरला भेटू" असं ठरलं की ग्रुपमधला एक जण हमखास रस्त्यापलीकडे एनजीएमएच्या (नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्ट) दारात उभा राहून फोन करतो, "अरे मी जहांगीरलाच आहे, तुम्ही कुठायत?" आणि त्याचं चुकलेलं पण नसतं, कारण त्या इमारतीचं मूळ नाव सर कावसजी जहांगीर पब्लिक हॉल.

हॉल आधीचा, १९११ चा. डिझाइन आर्किटेक्ट जॉर्ज विटेटचं, म्हणजे गेटवे ऑफ इंडियावालाच. आर्ट गॅलरी १९५२ ची. गंमत म्हणजे पैसे देणारे दोघंही सर कावसजी जहांगीर, पण हॉलवाले वडील आणि गॅलरीवाले त्यांचे चिरंजीव, ज्यांनी आपल्या गेलेल्या मुलाच्या, जहांगीरच्या, आठवणीत गॅलरी बांधून दिली. आता एवढ्यावर गोंधळ नाही झाला तर नवल.

खरा फरक मात्र नावात नाही. जहांगीर बांधली तीच चित्रं लावायला. हॉल बांधला लोकांनी जमायला, तिथे सभा झाल्या, मैफली झाल्या, मग पडता काळ आला तशी लग्नाची रिसेप्शनं, बॉक्सिंगच्या मॅचेस, युनियनच्या मीटिंगा, जो भाडं देईल त्याचा हॉल. शिल्पकार पिलू पोचखानवाला यांनी इथे आधुनिक कलेचं म्युझियम व्हावं म्हणून रेटा लावला, आर्किटेक्ट रोमी खोसलांनी आतलं काम केलं, त्याला तब्बल १२ वर्षं लागली आणि १९९६ ला एनजीएमए उघडलं. पिलूबाई १९८६ लाच गेल्या होत्या.

आजकाल सस्टेनेबल म्हणून मिरवतात ते इथे तेव्हाच झालं: बाहेरचं दगडी कवच तसंच ठेवलं, इमारत पाडली नाही, आतल्या पोकळीत अर्धगोल जिना आणि त्याभोवती वरखाली गॅलऱ्या बसवल्या. बंद पेटीसारखी जागा, त्यामुळे उजेड आणि गारवा विजेवरच, ते सोडा. पण जिना चढत थेट घुमटाखाली पोचायला जी मजा येते ती जहांगीरच्या सरळसोट हॉलमध्ये नाही येत, माझं तरी असं मत.

जहांगीरमध्ये चित्रकार स्वतः हॉल बुक करतात, समोर बसलेले असतात, चित्र विकत घेता येतं, एंट्री फ्री. एनजीएमए केंद्र सरकारचं, तिकीट काढावं लागतं, आणि तिथे भिंतीवरच्या चित्राची किंमत विचारू नका. सोमवारी बंद असतं.