उन्हाळ्यातलं बांधकाम आणि कोरडं पडलेलं अर्थिंग

मराठवाड्यात घराचं काम निघतं ते उन्हाळ्यात. शेतं रिकामी असतात आणि मृगाच्या आत स्लॅब पडायला हवा, ही घाई असते. चार पैसे वाचावेत म्हणून भोकं पाडणं, फरशी कापणं अशी कामं पुष्कळ जण भाड्याच्या ड्रिल-ग्राइंडरने स्वतःच उरकतात. नेमक्या याच दिवसांत आपली काळी माती दगा देते.

यंत्राच्या धातूच्या भागात करंट उतरला तर त्याला जमिनीत जायला सोपी वाट देणं, हे अर्थिंगचं काम. ओल्या काळ्या मातीत पाणी आणि क्षार असल्यामुळे ती वाट मोकळी असते. मे महिन्यात हीच माती आकसते, भेगाळते, अर्थिंगसाठी खड्ड्यात गाडलेल्या पाइपापासून सुटते. समजा, खड्ड्याचा रोध 20 ओहमवर गेला. 230 व्होल्टला त्यातून जास्तीत जास्त साडेअकरा अँपिअर वाहतील. 16 अँपिअरचा एमसीबी, म्हणजे जादा करंट वाहिला की पुरवठा तोडणारा स्विच, पडणारच नाही, आणि यंत्रात करंट तसाच राहील.

त्यात भिंतींवर पाणी मारून हातपाय ओले. ओल्या अंगाचा रोध हजार ओहमच्या आसपास येतो, म्हणजे शरीरातून 230 मिलिअँपिअर जाऊ शकतात. दहाच्या पुढे स्नायू आखडून मूठ सुटेनाशी होते. पन्नास ते शंभरमध्ये हृदयाची लय बिघडू शकते. एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो. माणसाला वाचवायला तो नाही, हे अजून घरोघरी पोचलेलं नाही याचं फार वाईट वाटतं.

माणसासाठी आहे तो आरसीसीबी. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून पुरता परत येतो का, यावर त्याची नजर असते. 30 मिलिअँपिअरची गळती झाली की 0.3 सेकंदाच्या आत तो पुरवठा तोडतो, अर्थिंग कमजोर असलं तरीही. सिमेंटच्या पहिल्या गोणीआधी हा खर्च करावा, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि प्लग काढून सोललेल्या वायरी काडीपेटीच्या काड्यांनी सॉकेटात खोचू नका. त्यात अर्थिंगची हिरवी वायर लोंबकळतच राहते.

ग्राइंडरचं थोडक्यात सांगतो. चार इंची यंत्राची चकती मिनिटाला साधारण 11,000 फेरे घेते; तिची कड ताशी 200 किलोमीटरने धावत असते. गार्ड काढून तिथे सात इंची चकती बसवणारे दिसतात. त्या चकतीची मर्यादा बहुधा 8,500 फेऱ्यांची असते, आणि तिला फाडू पाहणारा ताण वेगाच्या वर्गाने वाढतो. चकतीवर छापलेला आकडा यंत्रावरच्या आकड्यापेक्षा कमी असेल, तर ती चढवूच नका.

काम सुरू करण्याआधी आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबून बघा. तो पडला नाही तर आधी बदलून घ्या. या बटणाने अर्थिंग मात्र तपासलं जात नाही. त्यासाठी वायरमनकडून खड्ड्याचा रोध मोजून घ्यावा लागतो, तोही पावसाळ्यात नव्हे, मे महिन्यात.