इन्स्टंट-ऑन ऑपरेटिंग सिस्टीम (मदरबोर्डमधली)

इन्स्टंट-ऑन ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे कॉम्प्युटरच्या मदरबोर्डवरच (आतल्या मुख्य सर्किट बोर्डवर) फ्लॅश मेमरीत, म्हणजे पेनड्राइव्हमध्ये असते तसल्या मेमरीत, बसवून दिलेली छोटी, हलकी सिस्टीम. पॉवरचं बटण दाबलं की विंडोजची वाट न बघता काही सेकंदांत ब्राउझर, चॅट, स्काइप, फोटो असं मोजकं काहीतरी वापरता येतं, आणि मग हवं असेल तर तिथूनच विंडोज चालू करता येतं. २००७ ते साधारण २०११ हा हिचा भराचा काळ. आसुस या कंपनीच्या बोर्डांवर ती 'एक्स्प्रेस गेट' या नावाने यायची, त्यामुळं नाशिकमध्ये एमजी रोडवरून पार्ट घेऊन पीसी असेंबल करून घेणाऱ्यांना तेच नाव ओळखीचं, मागची सिस्टीम खरी स्प्लॅशटॉप होती हे फार कमी जणांना माहीत असायचं.

जाहिरात सगळी वेगाची झाली, पाच सेकंदात इंटरनेट वगैरे. पण हिचा खरा उपयोग वेगात नव्हताच. विंडोज उडालेलं असताना किंवा हार्डडिस्कच गेलेली असताना तेच मशीन निदान नेटपुरतं तरी चालू राहायचं, ही मोठी गोष्ट होती, आणि नेमकी तीच मागे पडली.

इतक्या लवकर चालू कशी व्हायची

एक्सपी आणि व्हिस्टाच्या काळात कॉम्प्युटर हळू चालू व्हायचा त्याचं मुख्य कारण प्रोसेसर नव्हता, हार्डडिस्क होती. डिस्कच्या हेडला (डेटा वाचणाऱ्या सुईसारख्या भागाला) एका जागेवरून दुसऱ्या जागी जाऊन डेटा उचलायला साधारण १० मिलिसेकंद लागतात, म्हणजे सेकंदाला जेमतेम शंभरेक उड्या, आणि विंडोज सुरू होताना लागणाऱ्या छोट्या छोट्या फाइल तर डिस्कभर विखुरलेल्या असतात, वर अँटिव्हायरस, प्रिंटरचं सॉफ्टवेअर, मेसेंजर, कुठल्या कुठल्या टूलबारचे अपडेटर हे सगळं त्याच डिस्कवर एकदम तुटून पडायचं. डेस्कटॉप दिसला तरी पुढची दोन मिनिटं माऊसशेजारी वाळूचं घड्याळ फिरत राहायचं ते यामुळं.

फ्लॅश मेमरीत फिरणारा भागच नाही, त्यामुळं हा उड्यांचा वेळ वाचतो. दुसरं म्हणजे आतली सिस्टीम ही छाटून छाटून लहान केलेलं लिनक्स (विंडोजसारखीच, पण मोफत मिळणारी सिस्टीम) असायची आणि ती त्या ठराविक बोर्डसाठीच बनवलेली असायची. लॅनची (केबलने नेट जोडणारी) चिप कोणती, साउंडची कोणती हे आधीच माहीत, मग हार्डवेअर शोधत बसायचं कारणच नाही. बायॉसची, म्हणजे मशीन सुरू होताना सगळ्यात आधी चालणाऱ्या बोर्डवरच्या प्रोग्रामची, आपली तपासणी झाली की तो थेट या लिनक्सच्या हातात मशीन द्यायचा. सिस्टीमच्या मूळ फाइल रोजच्या वापरात बदलत नसत, म्हणून वर्षभर वापरली तरी ती पहिल्या दिवसाइतकीच झटपट चालू व्हायची आणि विंडोजमधल्या व्हायरसचा तिला काही त्रास नव्हता. विंडोज जुनं होतं तसं जड होत जातं, हे जडच होत नव्हतं, हा गुण मला आजही फार मोलाचा वाटतो.

आधीचे प्रयत्न आणि स्प्लॅशटॉप

बटण दाबताच तयार होणारा कॉम्प्युटर ही काही २००७ सालची कल्पना नाही. १९८१ चा बीबीसी मायक्रो, १९८२ चे झेडएक्स स्पेक्ट्रम आणि कमोडोर ६४ यांच्यात सिस्टीम आणि बेसिक भाषा दोन्ही रॉम चिपमध्येच, म्हणजे कायमच्या भरून दिलेल्या मेमरीतच, असायचं, टीव्हीला जोडा आणि लगेच टाइप करा. आपल्याकडे १९८४ च्या सुमारास 'क्लास' या सरकारी योजनेतून शाळांना जे कॉम्प्युटर दिले गेले ते हेच बीबीसी मायक्रो. पहिल्या आयबीएम पीसीतही रॉममध्ये बेसिक होतं. पुढे सिस्टीम फुगत गेल्या, त्या रॉममध्ये मावेनात, म्हणून हार्डडिस्कवर गेल्या आणि चालू व्हायचा वेळ वाढत गेला. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या लॉस अलामोस प्रयोगशाळेत लिनक्सबायॉस नावाचा प्रकल्प सुरू झाला, बायॉसच्या जागी सरळ लिनक्सच बसवायचा असा तो विचार, आज तो कोअरबूट म्हणून ओळखला जातो. घरगुती बोर्डपर्यंत मात्र तो फारसा पोचला नाही.

ते काम डिव्हाइसव्हीएम या कॅलिफोर्नियातल्या कंपनीने केलं. ऑक्टोबर २००७ मध्ये त्यांचं स्प्लॅशटॉप आसुसच्या पी५ई३ डिलक्स या बोर्डवर आलं, बोर्डवरच ५१२ एमबी फ्लॅश बसवलेली होती. महाग बोर्ड होता तो, पण २००८ मध्ये आसुसने आपल्या सगळ्याच बोर्डांवर एक्स्प्रेस गेट देणार असं जाहीर केलं. लेनोव्होने क्विक स्टार्ट, एचपीने क्विकवेब, एलजीने स्मार्ट ऑन अशी नावं देऊन तेच स्प्लॅशटॉप आपापल्या लॅपटॉपमध्ये टाकलं. एमएसआयचं विंकी वेगळं. बायॉस बनवणाऱ्या फिनिक्स कंपनीने हायपरस्पेस काढलं, त्याच्या एका प्रकारात विंडोज आणि हायपरस्पेस दोन्ही एकाच वेळी चालू ठेवून एका बटणावर इकडून तिकडे जाता यायचं, मात्र त्यासाठी दरवर्षी पैसे भरायचे होते. २०१० मध्ये एचपीने ते १.२ कोटी डॉलरला विकत घेतलं. डेलचं लॅटिट्यूड ऑन हे सगळ्यात धाडसी म्हणावं लागेल, कारण त्यात मुख्य प्रोसेसर चालूच करायचा नाही, मेल आणि कॅलेंडरसाठी लॅपटॉपमध्येच वेगळा छोटा एआरएम प्रोसेसर, मोबाइलमध्ये असतो तसला.

उपयोग कुठे झाला

२००५ नंतरची काही वर्षं महाराष्ट्रात लोडशेडिंगची. एकलहऱ्याचं वीजकेंद्र हाकेच्या अंतरावर असून नाशिकमध्येही लाइट ठरलेल्या वेळी जायची आणि न ठरलेल्या वेळीही जायची, निफाड-येवल्याकडच्या गावांचं तर विचारायलाच नको. घरोघरी ६०० व्हीएचा यूपीएस असायचा, नवीन असताना दहा-पंधरा मिनिटं द्यायचा, बॅटरी म्हातारी झाली की त्याच्या निम्मंही नाही. लाइट गेलेली आहे आणि निकाल बघायचाय, मुक्त विद्यापीठाचा असो नाहीतर बारावीचा, रेल्वेचं रिझर्व्हेशन वेटिंगवरून पुढे सरकलं का ते बघायचंय, तर त्या दहा मिनिटांतली तीन मिनिटं विंडोज खाणार आणि बंद करताना पुन्हा एक-दोन. एक्स्प्रेस गेट असेल तर चालू करा, बघा आणि सरळ पॉवर बंद करा. मोडेम आणि कॉम्प्युटर दोन्ही यूपीएसवर असले पाहिजेत एवढंच.

शिवाय एक्सपी चालू असताना लाइट गेली आणि मशीन धाडकन बंद पडलं की पुढच्या वेळी निळ्या स्क्रीनवर चेकडिस्क, म्हणजे डिस्कची तपासणी, सुरू व्हायचं, टक्के मोजत बसायचं, आणि असं चार-पाच वेळा झालं की एखाद दिवशी काळ्या स्क्रीनवर 'एनटीएलडीआर इज मिसिंग', म्हणजे विंडोज सुरू करून देणारी फाइलच सापडत नाही. मग 'फॉरमॅट मारावा लागेल' हे ठरलेलं उत्तर, आणि तो मारणारा मुलगा रविवारशिवाय मोकळा नसायचा. तोपर्यंत एक्स्प्रेस गेटवर निदान मेल तरी बघता यायचा, कारण त्याचा त्या हार्डडिस्कवरच्या विंडोजशी काही संबंधच नव्हता.

सगळ्यात कामाची वेळ फॉरमॅटनंतर यायची, आणि हे असेंबल करणाऱ्या पोरांना चांगलं ठाऊक होतं. एक्सपी नवीन टाकलं की बऱ्याच बोर्डांवर लॅनचा ड्रायव्हर, म्हणजे ती चिप चालवणारं सॉफ्टवेअर, नसायचा. ड्रायव्हरची सीडी घरात कुठंतरी असते पण सापडत नाही. ड्रायव्हर डाउनलोड करायला नेट पाहिजे आणि नेट चालायला ड्रायव्हर पाहिजे! एक्स्प्रेस गेटमध्ये त्या बोर्डच्या लॅनचा ड्रायव्हर आधीच असायचा. पेनड्राइव्ह लावायचा, त्यात जायचं, आसुसच्या साइटवरून ड्रायव्हर पेनड्राइव्हवर उतरवायचा, बाहेर यायचं, विंडोजमध्ये टाकायचा. झालं. कॉलेज रोडच्या सायबर कॅफेत जाऊन डाउनलोड करून आणायची पायपीट वाचली. घराला मागचं दार असावं तशी ही सोय होती, रोज लागत नाही पण पुढचं अडकलं की तेच कामाला येतं.

सायबर कॅफेंनाही खरं तर हे फार उपयोगी पडलं असतं, रोज शंभर जणांचे पेनड्राइव्ह लागणारी मशीन आणि न बिघडणारी सिस्टीम, पण कॅफेचं बिलिंग सॉफ्टवेअर विंडोजवर चालायचं त्यामुळं तिथे काही उपयोग झाला नाही.

कुठे कमी पडली

आपल्याकडचं पोटापाण्याचं काम ज्यावर चालतं ते काहीच हिच्यात चालायचं नाही. अंबड-सातपूरच्या वर्कशॉपमध्ये टॅली आणि ऑटोकॅड, लग्नपत्रिका छापणाऱ्याकडे पेजमेकर आणि श्रीलिपी, सगळं विंडोजचं. म्हणजे नेट बघून झालं की शेवटी विंडोज चालू करायचंच, आणि त्यासाठी मशीन परत पहिल्यापासून सुरू होणार. मग आधीच विंडोज का नको, असं लोकांना वाटणं साहजिक आहे.

फाइलचंही अडचणीचं होतं. आसुसच्या बोर्डांवर हार्डडिस्कमधली फाइल मेलला जोडून पाठवता यायची, पण उतरवून घ्यायची फक्त पेनड्राइव्हवर, हार्डडिस्कवर नाही. सुरक्षेच्या दृष्टीने बरोबरच आहे, हार्डडिस्कवरचा डेटा चुकूनही बिघडू नये, पण घरच्या माणसाला ते समजायचं नाही आणि 'डाउनलोड होत नाही' म्हणून तो परत कधी तिकडे फिरकायचा नाही.

आणि एक गोष्ट तर अगदी उलटी झाली. बोर्डवर एक्स्प्रेस गेट चालू ठेवलेलं असलं की आधी त्याचा स्क्रीन यायचा आणि तिथे काही दाबलं नाही तर ठरलेले सेकंद मोजून मग विंडोजकडे जायचं. बायॉसमध्ये ही वेळ 'एंटर ओएस टायमर' या नावाने असायची, साधारण १० सेकंद. ज्याला रोज विंडोजच वापरायचंय त्याचे रोज दहा सेकंद यात जायचे. म्हणून मशीन जोडून देतानाच कितीतरी जण एक्स्प्रेस गेट बंद करून द्यायचे आणि गिऱ्हाइकाला ते आपल्या बोर्डात आहे हे कळायचंसुद्धा नाही. पुढे खर्च वाचवायला फ्लॅश काढून हीच सिस्टीम सीडीवरून हार्डडिस्कवर टाकायची पद्धत आली, स्वस्त बोर्डांवर तर तीच. माझ्या मते तिथेच हिचा मुद्दा संपला. हार्डडिस्क गेली की तीही गेली, मग वेगळी ठेवून काय फायदा?

अपडेटचा प्रश्न होताच. ब्राउझर हा सारखा दुरुस्त करावा लागणारा प्रकार, आणि चिपमध्ये बसवलेला ब्राउझर अपडेट करायला किती लोक जाणार.

मागे का पडली

एसएसडी, म्हणजे फ्लॅश मेमरीचीच बनलेली डिस्क, स्वस्त झाली, हे मुख्य कारण. हेडच्या उड्यांचा प्रश्नच मिटला आणि विंडोज स्वतःच दहा-पंधरा सेकंदांत येऊ लागलं. २०१२ च्या विंडोज ८ मध्ये फास्ट स्टार्टअप आलं, त्यात शटडाउन केलं तरी विंडोजचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि चालू करताना तिथूनच उचलला जातो. (म्हणूनच आजही काही अडलं तर शटडाउन नाही, रीस्टार्ट करा म्हणतात, रीस्टार्टमध्येच सगळं नव्याने सुरू होतं.) लॅपटॉपवाले बंद करायच्या ऐवजी झाकण मिटवू लागले. आणि निकाल, रिझर्व्हेशन, लासलगावचा कांद्याचा भाव या पटकन बघायच्या गोष्टी मोबाइलवर गेल्या, त्याला तर चालूही करावं लागत नाही. डिव्हाइसव्हीएमने २०१० मध्ये स्वतःचंच नाव स्प्लॅशटॉप केलं आणि ते रिमोट डेस्कटॉपकडे, म्हणजे लांबून दुसरा कॉम्प्युटर चालवायच्या सॉफ्टवेअरकडे, वळले, आज त्या नावाने तेच ओळखलं जातं. नुसत्या ब्राउझरवर चालणारा कॉम्प्युटर ही कल्पना गूगलने २०११ मध्ये क्रोमबुक बाजारात आणून पुढे नेली, पण तिथे ती दुसरी सिस्टीम नाही, तीच मुख्य.

अडल्या वेळेची सोय मात्र दुसऱ्या रूपात टिकली आहे. २०११ पासूनच्या, इंटेल प्रोसेसरच्या ॲपल मॅकमध्ये इंटरनेट रिकव्हरी आहे, डिस्क पूर्ण कोरी असली तरी मशीन स्वतः वायफायला जोडून घेऊन सिस्टीम उतरवून घेतं. डेलच्या नवीन मशीनमध्ये बायॉसकनेक्ट आहे, तेही याच जातीचं. आसुसच्या नव्या बोर्डांत यूईएफआयमधून (बायॉसच्या नव्या रूपातून) थेट नेटवरून बायॉस अपडेट करता येतो. एक्स्प्रेस गेटमध्ये जे हाताने करावं लागायचं तेच आता थोडं शहाणपणाने होतं.

जुने बोर्ड आजही कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या दुकानात मागच्या खोलीत चालू स्थितीत आहेत. त्यातलं एक्स्प्रेस गेट सुरू होतं पण नेटसाठी त्याच्यावर विसंबू नका. ब्राउझर इतका जुना आहे की आताच्या बहुतेक साइट लागणारी सुरक्षित जोडणी त्याला जमत नाही, पान उघडतच नाही, आणि एखादं उघडलंच तर तिथे बँकेचा पासवर्ड अजिबात टाकू नये. मशीन विकायचं किंवा कुणाला द्यायचं असेल तर बायॉसमध्ये टूल्समध्ये जाऊन एक्स्प्रेस गेटखाली 'रीसेट यूजर डेटा' आहे ते करून घ्या, कारण बोर्डवर फ्लॅश असेल तर हार्डडिस्क काढून घेतली तरी त्या ब्राउझरमधले बुकमार्क, कुकी आणि हिस्टरी बोर्डवरच्या फ्लॅशमध्ये तशीच राहते.